पळण्याचे बूट आणि कपडे कसे निवडावेत: पायाच्या मापापासून पावसाळ्यातल्या सुकवणीपर्यंत

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते आणि त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत स्पोर्ट्सच्या दुकानांत झुंबड उडते. या गर्दीचं निरीक्षण केलं तर खरेदीचा क्रम ठरलेला दिसतो. आधी झकपक टी-शर्ट, मग सवलतीत मिळाले ते बूट, आणि मोजे ऑफिसचेच. माझ्या मते पैसे नेमके उलट्या क्रमाने घालावेत. पहिले बूट, मग मोजे, मग आतले कपडे, आणि उरले तर टी-शर्ट. बायकांसाठी स्पोर्ट्स ब्रा बुटांच्याच रांगेत बसते. वाईट टी-शर्टमध्ये फार तर तास-दीड तास चिकचिक होते. वाईट बुटांपायी महिनाभर पळणं बंद पडू शकतं.

आधी घरी माप घ्या

"मला आठ नंबर लागतो" हे वाक्य विसरून जा. तो आठ नंबर बहुधा कॉलेजात असताना कुणीतरी मोजलेला असतो, आणि वयाप्रमाणे, वजनाप्रमाणे, बाळंतपणानंतर पाय बदलतात. शिवाय एका कंपनीचा आठ दुसऱ्या कंपनीच्या साडेसातसारखा निघतो.

माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभर उभं राहून-चालून पाय थोडे फुगतात आणि पळतानाही तसेच फुगतात. ज्या मोज्यांत पळणार तेच मोजे घाला. भिंतीला लागून जमिनीवर कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवा आणि दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून उभे राहा. पेन्सिल सरळ उभी धरून सगळ्यात लांब बोटापुढे खूण दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा. स्वतः वाकलात की वजन सरकतं आणि माप चुकतं. सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठा पाय धरून चाला.

आता हे माप सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. बुटाच्या जिभेवरच्या लेबलवर युके, यूएस, ईयू यांच्याबरोबर बहुतेक वेळा सेंटिमीटरचाही आकडा असतो, आणि चारांत तोच सगळ्यात कमी फसवतो. आपल्याकडच्या दुकानांत नंबर म्हणजे साधारणपणे युके. पुरुषांच्या बुटात यूएसचा आकडा त्याहून अर्ध्याने किंवा एकाने जास्त असतो, त्यामुळे ऑनलाइन मागवताना हमखास गोंधळ होतो. पाय २६ सेंटिमीटर भरला तर २६.५ आणि २७ लिहिलेले बूट घालून पाहायला सुरुवात करा. पळताना प्रत्येक पावलाला पाय बुटात किंचित पुढे सरकतो, आणि ती जागा नसली की नखं काळी पडतात.

लांबीपेक्षा आपला जास्त घात रुंदी करते. लहानपणापासून घरात अनवाणी आणि बाहेर चपलेत वावरलेल्या पायांची बोटं मोकळी पसरलेली असतात, आणि पुष्कळसे परदेशी बूट चवड्याशी चिंचोळे असतात. मग माणूस रुंदी मिळावी म्हणून एक नंबर मोठा घेतो, आणि टाच मागे उचकत राहते. त्याऐवजी रुंद साचा मागा. पुरुषांच्या बुटांत ‘डी’ ही नेहमीची रुंदी आणि ‘२ई’ रुंद, तर बायकांच्या बुटांत ‘बी’ नेहमीची आणि ‘डी’ रुंद. सगळ्या कंपन्या रुंद साचे काढत नाहीत, आणि काढतात त्यांचे प्रत्येक दुकानात येत नाहीत. ज्या बाईचा पाय रुंद आहे तिने पुरुषांच्या विभागात जायला मुळीच लाजू नये. तिथली नेहमीची रुंदी तिला बसण्याची शक्यता बरीच असते.

दुकानात

शक्यतो संध्याकाळी जा, गर्दीचा रविवार टाळा, आणि आपले पळण्याचे मोजे व जुने बूट सोबत न्या. मग पुढची तपासणी याच क्रमाने करा.

१. पाय घालण्याआधी बुटातली सुटी गादी बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभे राहा. करंगळी किंवा चवड्याची कड गादीबाहेर जात असेल तर तो बूट तुमचा नाही. वीस सेकंदांची ही चाचणी निम्मे बूट बाद करते. विक्रेता विचित्र नजरेने पाहील, पाहू द्या.

२. बूट घाला, टाच मागे नीट बसवा, लेस बांधा आणि उभे राहा. सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीपेक्षा जरा कमी, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. हे दोन्ही पायांवर बघा.

३. बोटं आत पियानो वाजवल्यासारखी हलवून पाहा. ती वर-खाली आणि बाजूलाही हलली पाहिजेत.

४. चाला, मग जागच्या जागी उड्या मारा, मग दुकानात किंवा दुकानाबाहेरच्या फरशीवर जितकं पळता येईल तितकं पळा. टाच उचकते का, घोट्याच्या हाडाला बुटाची कड लागते का, कमानीखाली काही टोचतं का, ते बघा.

५. निदान दोन वेगवेगळे बूट एकेका पायात घालून तुलना करा. एकटा बूट नेहमी बरा वाटतो.

"वापरून वापरून सैल होईल" हे चामड्याच्या बुटांच्या काळातलं वाक्य आहे. पळण्याच्या बुटांचं वरचं जाळीदार कापड फारसं ताणत नाही. पहिल्या दहा मिनिटांत जिथे बोचतं तिथेच दहाव्या किलोमीटरला फोड येतो. घेऊन ‘रुळवायचा’ बूट घेऊच नका.

उलट बाजूही आहे. काही स्वस्त बुटांत मऊशार फोमची गादी असते. उभं राहिलं की पाय अलगद रुततो आणि माणूस तिथल्या तिथे भुलतो. तसला फोम थोड्याच दिवसांत दबून सपाट होतो. म्हणून निर्णय उभं राहून घेऊ नका, पळून घ्या.

फुटपाथवर आणि काही गल्ल्यांत मिळणारी ‘फर्स्ट कॉपी’ पळण्यासाठी कधीही घेऊ नका. वरून हुबेहूब असलेल्या या बुटांच्या तळव्यात काय फोम भरलाय ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि आपण पैसे मोजतो ते त्या फोमचेच. बजेट कमी असेल तर साध्या कंपनीचा पण खास रनिंगसाठी बनवलेला बूट, किंवा नावाजलेल्या कंपनीचं मागच्या वर्षीचं मॉडेल सवलतीत घ्या. नव्या मॉडेलमध्ये अनेकदा रंग आणि जाळी यांपलीकडे फार काही बदललेलं नसतं.

विक्रेत्याच्या तोंडचे तीन शब्द

‘ड्रॉप’ म्हणजे टाचेखालची जाडी आणि चवड्याखालची जाडी यांतला फरक. नेहमीच्या बुटांत तो ८ ते १२ मिलिमीटर असतो, काहींत ४ किंवा शून्यही. कमी ड्रॉपमध्ये पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर जास्त ताण येतो, उंच ड्रॉपमध्ये गुडघ्याला तुलनेने जास्त काम पडतं. सध्या जो वापरता आणि ज्यात दुखत नाही, त्याच्या जवळपास राहा. बदलायचाच असेल तर आठवड्यातून एका छोट्या रनपासून सुरुवात करा.

‘प्रोनेशन’ म्हणजे पाऊल टेकल्यावर पाय आतल्या बाजूला कलणं. ओला पाय कागदावर उमटवून ठसा बघायचा, सपाट दिसला तर आधार देणारा ‘स्टॅबिलिटी’ बूट घ्यायचा, असा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. अमेरिकेचं लष्कर, हवाई दल आणि मरीन यांनी नव्या जवानांच्या प्रशिक्षणात हे तपासून पाहिलं. काहींना तळव्याच्या आकाराप्रमाणे बूट दिले, काहींना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणावा असा फरक पडला नाही. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातले संशोधक बेनो निग यांनी पुढे मांडलं की धावणाऱ्याने स्वतःला आरामदायी वाटणारा बूट निवडावा, शरीर आपल्या हालचालीला सोयीचं तेच हेरतं. सपाट पायांमुळे आधीच दुखणं असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. नसेल तर केवळ ओल्या ठशावरून जास्तीचे तीन हजार मोजू नका.

‘कार्बन प्लेट’ हा तिसरा शब्द. तळव्यात कडक पट्टी आणि वर जाड, उसळणारा फोम. वर्ल्ड अॅथलेटिक्स या जागतिक संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळव्याच्या जाडीवर ४० मिलिमीटरची मर्यादा घातली ती याच बुटांमुळे. वेगाने पळणाऱ्याला त्यांचा उपयोग आहे. ज्याला पहिली १० किलोमीटरची शर्यत पूर्ण करायची आहे त्याला ते महाग, डगमगते आणि अल्पायुषी पडतात.

"पण पूर्वी लोक अनवाणी पळायचेच की!" असं कुणीतरी म्हणतंच. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० ची रोम ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली, हे खरं. पण त्याला अनवाणी पळायचा सराव होता आणि तिथे मिळालेले बूट पायाला नीट बसेनात म्हणून तो तसाच उतरला. १९६४ ला टोकियोत त्याने बूट घालून पुन्हा सुवर्ण जिंकलं.

कुठे पळता, त्यावर बूट

मरीन ड्राइव्ह, शिवाजी पार्कभोवतीचा कट्टा, रंकाळ्याची फेरी, शहरातले डांबरी आणि हल्ली सगळीकडे झालेले काँक्रीटचे रस्ते: यांसाठी साधा रोड रनिंग बूट. तळव्याला जरा जास्त फोम असलेला घ्या, काँक्रीट अजिबात दया दाखवत नाही.

पुण्यातली वेताळ टेकडी किंवा तळजाईसारख्या ठिकाणी सुटा मुरूम आणि गोटे असतात. आठवड्यातून एखादा दिवस तिथे जात असाल तर रोडचेच बूट चालतात. रोजच जात असाल तर खाली नक्षीदार दाते असलेला ट्रेल बूट घ्या. मात्र तोच बूट रोज डांबरावर घासलात तर दाते लवकर झिजतात.

घाटातली शर्यत ही वेगळीच गोष्ट. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जायचं आणि तोच घाट उतरून परतायचं असतं. लोक चढाची भीती बाळगतात, नखं मात्र उतारावर जातात. अशा शर्यतीसाठी बोटांपुढची जागा पुन्हा तपासा, आदल्या आठवड्यात नखं कापा, आणि टाच जागेवर धरणारी लेस बांधायला शिका. बुटाच्या सगळ्यात वरच्या भोकाच्या किंचित मागे एक जादा भोक असतं, बहुतेकजण ते कधीच वापरत नाहीत. लेस वरच्या भोकातून बाहेर काढून त्याच बाजूच्या जादा भोकात आत घाला, म्हणजे बाजूला छोटा फासा तयार होतो. दुसऱ्या बाजूलाही तसंच करा. मग उजवी लेस डाव्या फाशातून आणि डावी उजव्या फाशातून ओवा, खालच्या दिशेने ओढा आणि गाठ मारा. चवड्यावर बूट सैलच राहतो, टाच मात्र हलत नाही.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना हे सगळं जास्तच लागू पडतं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर, आणि सराव गावाच्या मैदानात किंवा पहाटेच्या हायवेकडेला. अनेकजण पातळ तळव्याच्या कॅनव्हासच्या बुटांत किंवा मोठ्या भावाच्या जुन्या बुटांत महिनोन् महिने पळतात आणि नडगी दुखली की "कच्चा आहे" म्हणून दात-ओठ खाऊन चालू ठेवतात. खर्च एकच करायचा असेल तर सरावाच्या बुटांवर करा. हलक्या, चपट्या बुटांनी चाचणीच्या दिवशी थोडीफार सेकंदं मिळतीलही, पण नडगीचं हाड दुखावलं तर त्या दिवसापर्यंत पोचणंच अवघड. अकादमीत शक्य तिथे डांबराऐवजी मातीवर पळा. हायवेवर पळावंच लागत असेल तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेने, आणि अंगावर चमकणारी पट्टी लावून.

मोजे

शंभर-दीडशे रुपयांत बुटांचा आराम सगळ्यात जास्त वाढवणारी वस्तू म्हणजे मोजे. सुती मोजा घाम शोषतो, ओला राहतो, चुरगळतो आणि तिथेच फोड येतो. पॉलिस्टर किंवा नायलॉनचा, पातळ, बोटांपाशी जाड शिवण नसलेला मोजा घ्या. तो बुटाच्या कडेच्या वर यायला हवा, नाहीतर टाचेमागे कातडी सोलते. बोटांच्या बेचक्यात फोड येत असतील तर प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेले मोजे मिळतात. दिसतात गमतीदार, काम चोख करतात.

कपडे

सुती की ड्रायफिट (घाम लवकर वाळवणारं पॉलिस्टरसारखं कापड), या वादाचं उत्तर तुम्ही कुठे राहता त्यावर आहे. विदर्भात उन्हाळ्याच्या कोरड्या पहाटे अर्धा तास पळायचं असेल तर जुना सुती बनियनही चालतो, घाम निघतो तसा उडतो. मुंबईत, रत्नागिरीत, गोव्यात हवाच इतकी दमट की कुठलंच कापड वाळत नाही. तिथे ‘घाम वाळवणारं कापड’ ही जाहिरात निम्मी खोटी ठरते. तिथे कापड घाम धरून जड होऊ नये आणि अंगाला चिकटू नये एवढंच बघा. बाह्या नसलेला, पातळ, मोठ्या जाळीचा पॉलिस्टरचा टी-शर्ट घ्या. दुकानात कापड तोंडाजवळ धरून फुंकर मारा. हवा आरपार गेली नाही तर तो टी-शर्ट जिममध्ये घाला.

शर्यतीत फुकट मिळालेले टी-शर्ट बऱ्याचदा जाड, छपाईने भरलेले असतात. छातीवरच्या मोठ्या रबरी छपाईतून हवा जात नाही, आणि खरखरीत कडेने पुरुषांची स्तनाग्रं सोलवटतात. लांब पळताना तिथे मायक्रोपोर टेप लावा.

विकत घेताना कपडा उलटा करा आणि काखेतल्या, मानेवरच्या, मांड्यांच्या आतल्या शिवणींवरून बोट फिरवा. शिवण चपटी हवी. मागच्या मानेचं लेबल टोचत असेल तर घरी आल्यावर शिवण उसवून काढा, कात्रीने कापलं तर उरलेलं टोक आणखी बोचतं.

मांड्या एकमेकींना घासून काचणं ही सगळ्यांत सार्वत्रिक आणि सगळ्यांत कमी बोलली जाणारी तक्रार. त्यात खरा दोषी अनेकदा शॉर्ट्स नसून आतली सुती चड्डी असते. आत अस्तर असलेली शॉर्ट्स घ्या आणि वेगळी चड्डी घालूच नका, किंवा मांडीपर्यंत येणारी घट्ट सिंथेटिक आतली पँट घालून वर सैल शॉर्ट्स घाला. निघण्याआधी जांघेत, काखेत, ब्राच्या पट्ट्याखाली व्हॅसलीन लावा. खोबरेल तेल घामाबरोबर वाहून जातं.

स्पोर्ट्स ब्रा निवडताना ‘हाय इम्पॅक्ट’ लिहिलेली घ्या. योगासाठीची मऊ ब्रा पळताना पुरत नाही. खरा आधार खालच्या पट्ट्याने द्यायला हवा. पट्ट्यात जेमतेम दोन बोटं जावीत आणि हात वर केल्यावर तो वर सरकू नये. ट्रायल रूममध्ये उड्या मारून बघा, खोल श्वास घ्या. मागे हुक असलेली ब्रा घट्ट-सैल करता येते आणि घामेजल्यावर काढताना कुस्ती करावी लागत नाही. ऑनलाइन घेत असाल तर बदलून मिळेल का ते आधी वाचा, कारण आतले कपडे अनेक ठिकाणी परत घेत नाहीत.

लहान गावात, ओळखीच्या रस्त्यावर पळताना टाइट्स घालणं प्रत्येकीला सोयीचं वाटतंच असं नाही. वर सैल, लांब ड्रायफिट टी-शर्ट घातला तर दोन्ही साधतं. कपड्याच्या आरामात लोकांच्या नजरेचाही हिशोब येतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. टाइट्सना चेन असलेला खिसा मात्र बघून घ्या. मोबाइल हातात धरून पळणाऱ्या बायकांची संख्या कपडे शिवणाऱ्यांच्या डोक्यात अजून पुरेशी शिरलेली नाही.

थंडीत, विशेषतः निफाड-नाशिककडे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा, लोक स्वेटर घालून निघतात आणि दुसऱ्या किलोमीटरला तो कमरेला बांधतात. आहे त्यापेक्षा आठ-दहा अंश जास्त आहेत असं समजून कपडे घाला. सुरुवातीची दहा मिनिटं किंचित थंडी वाजली पाहिजे.

पावसाळा

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या धो-धो पावसात वॉटरप्रूफ बूट घेऊ नका. पाणी वरून, घोट्याकडून आत शिरतं आणि मग त्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही. उघड्या जाळीचा, पाणी लवकर निथळणारा बूट बरा. प्लॅस्टिकच्या रेनकोटमध्ये बाहेरून कोरडे राहाल, आतून घामाने भिजाल. पावसात साधी चोच असलेली टोपी पुरते, डोळ्यांत पाणी जात नाही.

घरी आल्यावर लगेच गादी आणि लेस काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, आणि पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात, गॅसजवळ किंवा हेअर ड्रायरने वाळवले तर डिंक सुटतो. वॉशिंग मशीनही नको, जुना टूथब्रश आणि साबण पुरतो. दोन दिवसांत बूट वाळत नाहीत, म्हणून पावसाळ्यात दोन जोड आलटून पालटून वापरणं चैनीचं नसून गरजेचं आहे. ओल्या बुटांत रोज पाय घातले की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. बोटं पुसून कोरडी करा, आणि खाज आठवडाभर राहिली तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

घामट ड्रायफिट कपडे बादलीत तसेच पडू देऊ नका, वास पुढे निघत नाही. फॅब्रिक सॉफ्टनर टाळा, त्याचा थर कापडाला घाम पुढे ढकलू देत नाही.

टाकायचे कधी

साधारण ५०० ते ८०० किलोमीटर. वजनदार माणसाचे लवकर, हलक्याचे उशिरा. आठवड्याला २५ किलोमीटर पळत असाल तर पाच ते साडेसात महिने. खरेदीची तारीख गादीखाली पेनने लिहून ठेवा. बूट टेबलावर ठेवून मागून पाहा. एका बाजूला कलले असतील, फोमवर आडव्या खोल सुरकुत्या पडल्या असतील, किंवा कारण नसताना गुडघा, नडगी, टाच यांतलं काही नव्याने दुखू लागलं असेल, तर वरचं कापड कितीही नवं दिसलं तरी त्यांचं पळणं संपलं. भाजी आणायला वापरा.

दोन वर्षं माळ्यावर खोक्यात जपून ठेवलेले ‘नवे’ बूट काढून थेट शर्यतीला घालू नका. दमट हवेत काही प्रकारचे तळवे न वापरताच ठिसूळ होतात आणि पळता पळता सोल हातात येतो. शर्यतीसाठी घेतलेले बूट, मोजे आणि शॉर्ट्स निदान तीन आठवडे आधी घ्या आणि त्यातलं सगळं एका लांब रनला एकत्र घालून पाहा. घामाने भिजलेल्या दहाव्या-बाराव्या किलोमीटरला जिथे काचायला लागेल, तिथे व्हॅसलीन जास्त लावायचं आहे.